क्रमांक सातचं मौन

"माझ्यावर दोन आरोप आहेत," रेबेका सुंडेलिन म्हणाली. "दोन्ही खरे असतील तर मी लबाडही आहे आणि मूर्खही."

"आधी कॉफी घे," गुनवोर लीडस्ट्रोमने कप पुढे सरकवला. "लबाड माणसंसुद्धा माझ्याकडे कॉफी घेऊनच बोलतात."

कपाच्या तळाशी चीजचे दोन तुकडे बसले होते. नॉरफोर्समध्ये पाहुण्याला कॉफी अशीच देतात. खिडकीशी बसलेल्या यालमारने आपला कप हळूच वर्तमानपत्रामागे लपवला. मार्चमध्ये तो दक्षिणेतल्या मालमोहून इथे उत्तरेला राहायला आला होता. ग्रंथपालाची नोकरी संपलेली, बायको राहिलेली नाही, आणि बहिणीच्या गावात स्वस्तात घर मिळालं, एवढंच कारण. बहिणीपेक्षा खालच्या मजल्यावरच्या गुनवोरशीच त्याचं जास्त जमलं. गुनवोरने तीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते. आता ती स्वतःच्या हिमतीवर लोकांची कोडी सोडवायची. यालमार तिच्याबरोबर हिंडायचा आणि टिपणं काढायचा. त्या टिपणांचा काही उपयोग होतो का, हे विचारायचं धाडस त्याला अजून झालं नव्हतं.

"पत्रक आणलंस?" गुनवोरने विचारलं.

रेबेकाने ओठांनी हवा आत ओढली आणि पिशवीतून एक कागद काढला.

ती विद्यापीठात रॅगिंगवर संशोधन करत होती. इंजिनिअरिंगला आलेल्या नव्या मुलांना पहिले तीन आठवडे 'शून्य' म्हणतात. शेवटी नदीकाठच्या झोपडीत 'नामकरण' होतं आणि शून्याचा 'एक' होतो. नामकरण म्हणजे पावसाच्या पाण्याच्या पिंपात तोंड बुडवायचं, तीन आकडे मोजेपर्यंत. निदान सांगताना तरी तीनच सांगतात. रेबेकाने बारा नव्या मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या, नावं गुप्त ठेवण्याच्या अटीवर. त्यावरून तिने नवे नियम तयार केले होते: पिंप बंद, आणि प्रत्येक कार्यक्रमाला बाहेरचा एक माणूस हजर.

"क्रमांक सातने सांगितलं की स्वागत समितीच्या प्रमुखाने, म्हणजे त्यांच्या अ‍ॅडमिरलने, त्याचं डोकं पाण्यात दाबून धरलं. आणि सोमवारी हे पत्रक मुलांच्या कॅन्टीनमध्ये लागलं."

गुनवोरने मोठ्याने वाचलं:

"'डोंगराकडच्या गावाहून एकटाच आलेला क्रमांक सात म्हणतो, त्याला बुडवलं. कोणी? संशोधिकेने सरळ विचारलं: अ‍ॅडमिरलनेच धरलं होतं का? क्रमांक सात गप्प. एक अक्षर नाही. उत्तर आलं नसताना बाईंनी पुढचा प्रश्न रेटला: किती वेळ? तेव्हा तो म्हणाला: सगळ्यांनी वीसपर्यंत मोजलं. मग अ‍ॅडमिरलचं नांव घातलं कोणी?'"

"डोंगराकडचा एकच मुलगा आहे वर्गात," रेबेका म्हणाली. "मेल्केर. आता त्याच्या बाकावर कोणी बसत नाही. तो खोलीचं दार उघडत नाही. मीच फोडलं असं त्याला वाटतं."

"हा पहिला आरोप. दुसरा?"

"माझ्या लेखी प्रतीत त्या प्रश्नाखाली 'हो' असं उत्तर आहे. पत्रक म्हणतं, तो बोललाच नाही. म्हणजे 'हो' मी घुसडलं. शुक्रवारी दहा वाजता नीती मंडळ बसतंय. त्यांना पटलं तर बाराही मुलाखती रद्द, नियम रद्द, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पिंप पुन्हा भरलेलं."

"ध्वनिमुद्रण ऐकवायचं मंडळाला," यालमार हळूच म्हणाला.

"प्रत तपासून झाली की ते पुसून टाकायचं, असा त्याच मंडळाचा नियम आहे."

"तो 'हो' म्हणाला होता?" गुनवोरने विचारलं.

"म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलंय."

आज बुधवार होता. गुनवोरने कोट चढवला.

*

मुलाखतीची खोली तळमजल्यावर होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि तिसरी मागे, रेडिएटरजवळ.

"ही कोणाची?"

"विद्यार्थी संघाच्या मदतनीसाची. मुलाला आधार म्हणून ती बसते. मध्ये बोलायचं नाही, म्हणून मुलाच्या पाठीमागे बसवतो."

दाराला दोन पदर होते, आतून लोकरीचा जाड नमदा लावलेला. गुनवोरने यालमारला बाहेर उभं केलं, दार लावलं आणि आत रेबेकाशी बोलत राहिली. दार उघडल्यावर तिने विचारलं, "काय ऐकलंस?"

"काहीच नाही. पण माझे कान..." यालमार ओशाळला.

"तुझे कान उत्तम आहेत. आम्ही तुलाच नावं ठेवत होतो."

इमारतीचा रखवालदार टूरे जिन्याखाली दिवे बदलत होता. सत्तरीला टेकलेला, दाराएवढा रुंद माणूस. लेखी प्रतींच्या कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची.

"टूरे, तूही त्या झोपडीतलाच ना? शिकत होतास तेव्हा?" गुनवोरने विचारलं.

टूरेने ओठांचा चंबू करून हवा सुर्रकन आत ओढली.

"तुझंही डोकं पिंपात घातलं होतं?"

पुन्हा सुर्र.

"आणि कपाटाची किल्ली तुझ्याशिवाय कोणी नेली नाही?"

पुन्हा तेच. मग तो शिडीवरून म्हणाला, "आमच्या वेळी तीन म्हणजे तीनच मोजायचे. वीस मोजणाऱ्याचे कान उपटायला हवेत."

बाहेर आल्यावर यालमार म्हणाला, "म्हातारा तिन्ही वेळा प्रश्न टाळून गेला बघ. मी टिपून ठेवलंय."

"टाळून? चांगली उत्तरं दिली की."

यालमारने वहीत पुन्हा पाहिलं. दमेकरी माणसाला छळू नये, हेही त्याला वाटून गेलं. इथल्या सगळ्यांच्याच छातीला थंडीमुळे काहीतरी झालेलं असावं, असा त्याचा मार्चपासूनचा समज होता. पोस्टातली बाई, पाववाला, खुद्द गुनवोर, सगळे अधूनमधून असेच धापा टाकत.

*

मुलाखती ऐकून टाइप करणारा इसाक ल्योव्ह रेबेकाचा सहायक होता. इथून दोन तासांवरच्या शेल्लेफ्तेओचा. त्याच्या टेबलावर तीन मग होते आणि तिन्हींत शिळी कॉफी.

"माझं नाव लेखावर पहिलं हवं होतं, ते तिने दुसरं टाकलं," तो आपणहून म्हणाला. "भांडण सगळ्या मजल्याने ऐकलं. तेव्हा संशय माझ्यावरच, नाही का?"

"भांडण होतं म्हणून पत्रक लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर शुद्धलेखन तरी धड केलं असतं. 'नाव' ऐवजी 'नांव' लिहिलंय, पाहिलंत?"

"त्या प्रश्नाखाली 'हो' तूच टाइप केलंस?"

"केलं. ऐकलं तेच केलं. दोनदा ऐकलं."

"मंडळाला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, तू तिच्याच पगारावर आहेस."

अ‍ॅडमिरल विगो हॅग कॅन्टीनमध्ये भेटला. निळा डगला, त्यावर शिवलेली वीसपंचवीस कापडी चिन्हं, आणि गालात दालचिनीचा पाव.

"काय मावशी, तुम्ही पण शून्य व्हायला आलात?"

"वय उलटून गेलं रे. पत्रक तू लावलंस?"

"सकाळी आलो तर लागलेलं होतं. मी फक्त चारदा वाचलं." तो हसला. "खरं सांगू? मला वाटलं होतं, तो नाव घेणार. नाही घेतलं. शहाणा निघाला पोरगा."

"का वाटलं होतं?"

विगोचं हसू जरा लांबलं, मग तुटलं. "असंच. लोक नावं घेतात." त्याने उरलेला पाव तोंडात कोंबला आणि आता पुढे बोलणं नको, हे चावता चावताच जाहीर केलं.

*

विद्यार्थी संघाची मदतनीस कारोला ब्यार्नेल हिने 'या' म्हटलं आणि यालमारचा चेहरा उजळला. तिचा 'र' त्याच्यासारखाच घशातून येत होता. ऑगस्टमध्येच ती दक्षिणेतल्या लुंडहून इथे नोकरीला आली होती.

"तुमचं मालमो? अय्या! मग तुम्हालाही इथल्या लोकांचं बोलणं कळत नसेल."

"बोलतात कुठे?" यालमार म्हणाला, आणि दोघं मनापासून हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा आपण विनोद केला, हे त्याच्या लक्षात आलं.

"मुलाखतीच्या वेळी तू होतीस," गुनवोर म्हणाली.

"मागे होते. मला त्याची नुसती मान दिसत होती. बिचारा मुलगा. मेल्केरसाठी मी काहीही करायला तयार आहे, पण तो मलाही दार उघडत नाही."

"तो 'हो' म्हणाला का?"

कारोलाने टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "मी गुप्ततेची शपथ घेतली आहे. मंडळाने विचारलं तरच सांगेन."

"तुझ्याकडे रॅगिंगच्या तक्रारी येतात?"

"क्वचित. आली की चोवीस तासांत नोंदवते. सगळं त्या फायलीत आहे, क्रमांक लावून."

गुनवोर खिडकीकडे गेली. यालमारची नजर सवयीने फायलीवर पडली. एक, दोन, तीन, पाच, सहा. जुन्या ग्रंथपालाचा हात शिवशिवला. "चौथा कुठे ठेवलात?" असं विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण परक्या बाईच्या फायलीत नाक खुपसणं बरं दिसलं नसतं. त्याने फक्त वहीत लिहिलं: चार नाही.

संध्याकाळी गुनवोरने त्याची टिपणं मागून घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. टूरेच्या पानावर ती हसली, आणि शेवटच्या पानावर तिचं हसू गेलं.

"यालमार, तू काय लिहिलंयस हे तुला माहीत आहे का?"

"चुकलं का काही?"

"बरंच. आणि जे चुकलं तेच मला हवं होतं."

*

गुरुवारी दुपारी गुनवोरने सगळ्यांना मुलाखतीच्या खोलीत बोलावलं. विगोला मात्र नाही. रेबेका आणि इसाक भिंतीशी उभे राहिले. कारोलाला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं, तिच्या शेजारी स्टुलावर यालमार. मेल्केरच्या खुर्चीत टूरे, त्यांच्याकडे पाठ करून.

प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आणि पेन्सिल होती.

"मी टूरेला दोन प्रश्न विचारणार," समोर बसत गुनवोर म्हणाली. "त्याने काय उत्तर दिलं, तेवढंच लिहायचं. शेजाऱ्याचं बघून लिहायचं नाही. टूरे, मुलाखतीच्या दिवशी ही खोली तूच उघडलीस?"

क्षणभर शांतता. रेडिएटर टकटकला.

"किती वाजता?"

"साडेबाराला," टूरे म्हणाला.

गुनवोरने चिठ्ठ्या गोळा केल्या आणि वाचल्या. "रेबेका: 'हो. साडेबारा.' इसाक: 'हो. साडेबारा.' यालमार: 'पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. साडेबारा.' कारोला: 'पहिल्या प्रश्नावर गप्प. साडेबारा.'"

"गप्प?" इसाक पुढे झाला. "अहो, तो 'हो' म्हणाला की!"

"कुठे म्हणाला?" यालमार गोंधळून म्हणाला. "मी इथेच बसलोय."

टूरे खुर्चीत वळला आणि मख्खपणे त्याच्याकडे पाहत सुर्रकन हवा आत ओढली. "हे काय मग? शिट्टी?"

यालमारला मार्चपासूनची सगळी माणसं आठवली, पोस्टातल्या बाईसकट. तिला तर त्याने छातीच्या काढ्याची बाटली नेऊन दिली होती. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"इथे माणूस श्वास आत घेतो आणि त्याचं 'हो' होतं," गुनवोर म्हणाली. "आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलंय की रेबेकाला 'हो' ऐकू आलं, इसाकला 'हो' ऐकू आलं, त्याने 'हो' टाइप केलं. कसं म्हणाला, हे सांगायला हवं, असं दोघांच्याही मनात आलं नाही. प्रत खरी आहे."

"म्हणजे पत्रकवाला खोटं बोलला," यालमार म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण पत्रक पुन्हा वाच. खोटं बोलणाऱ्याने 'किती वेळ?' हा प्रश्न गाळला असता, कारण त्या प्रश्नावरूनच कळतं की आधीचं उत्तर 'हो' होतं. यात तो ठळक दिलाय, रेबेकाच्या लबाडीचा पुरावा म्हणून. लिहिणाऱ्याची खात्री होती की मुलगा गप्प बसला. बाकी शब्द न् शब्द बरोबर, फक्त एक 'हो' गायब. आता बघा. ज्याने लेखी प्रत वाचली त्याला तिथे 'हो' दिसलं असतं. म्हणजे कपाट, किल्ली, टूरे, सगळं बाद. दाराबाहेरून ऐकणाऱ्याला काहीच ऐकू आलं नसतं. इसाकने ध्वनिमुद्रण ऐकलं, पण तोही इकडचाच. विगोला तर वाटत होतं की मुलगा नाव घेणार. गप्प बसल्याची बातमी त्याला पत्रकातूनच कळली. मग राहिला असा माणूस, जो या खोलीत होता, ज्याला मुलाचा चेहरा दिसत नव्हता, आणि ज्याचे कान यालमारच्या कानांसारखे आहेत."

कोणी कारोलाकडे पाहिलं नाही. त्यामुळेच तिला बोलावं लागलं.

"मी चेष्टेत ऐकलं होतं," ती म्हणाली. "उत्तरेकडचे लोक 'हो' गिळतात म्हणून. मला वाटलं, विनोद आहे." तिने पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं. "तो खरंच 'हो' म्हणाला? माझ्यासमोर?"

"म्हणाला."

"मला वाटलं, ही त्याच्या तोंडी नाव घालतेय. एका मुलाचं आयुष्य नासवतेय. म्हणून मी—"

"अर्धं खरं आहे हे," गुनवोर मध्येच म्हणाली. "नुसतं तेवढंच असतं तर तू मंडळाकडे गेली असतीस, सही करून. कॅन्टीनमध्ये चोरून कागद लावला नसतास. चौथी तक्रार कुठे आहे, कारोला?"

यालमारने मान खाली घातली. आपल्या वहीतल्या दोन शब्दांनी कोणाचा तरी गळा आवळला जातोय आणि ती बाई काल आपल्या विनोदावर हसली होती, हे त्याला सहन होईना.

कारोलाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. बरेच दिवस तो तिथेच असावा. घड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"दोन सप्टेंबर," ती म्हणाली. "रंगीत तालमीच्या दिवशी अ‍ॅडमिरलने एकीचं डोकं धरलं. आठपर्यंत मोजलं. मी विगोला बोलावलं. तो म्हणाला, गंमत होती, तीच घाबरट आहे. मी नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. मला सगळ्यांना आवडायचं होतं. मी त्याचं ऐकलं आणि कागद बाजूला ठेवला. बारा तारखेला मेल्केर. मुलाखतीत तो 'वीस' म्हणाला आणि मला हा कागद आठवला. पण अ‍ॅडमिरलच्या प्रश्नावर तो गप्प बसला होता, मला तरी तसंच वाटलं होतं. मी त्या गप्प बसण्याला धरून राहिले. अ‍ॅडमिरलने केलंच नसेल तर माझ्याकडूनही काही राहिलं नाही, असं."

रेबेका तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडेल असं यालमारला वाटलं.

"चार वर्षं मी हेच लिहितेय," रेबेका म्हणाली. "पहिल्यांदा आठ मोजतात, कोणी काही म्हणत नाही, म्हणून दुसऱ्यांदा वीस मोजतात. पुढच्या वर्षी किती मोजले असते, कारोला?"

कारोलाने तो कागद तिच्या हातात दिला. "उद्या मंडळासमोर मी येते. पत्रक मी लिहिलं, हेही सांगते. नोकरी जाईल, जाऊ दे."

"मंडळाचं उद्या बघू," गुनवोर उठली. "आज एक दार ठोठावायचंय. तुलाच."

*

मुलांच्या वसतिगृहाचा मजला लांब होता आणि वाळत टाकलेल्या मोज्यांचा वास येत होता. गुनवोर आणि यालमार स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. कारोला एकटी पुढे गेली.

"कोण?" आतून आवाज आला.

"कारोला. संघाची."

"जा."

"जाते. आधी ऐक. रेबेकाने तुझं काही फोडलेलं नाही. ते पत्रक मी लिहिलं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं नाही.

"मला वाटलं, तू उत्तर दिलं नाहीस. तू दिलं होतंस. मला ते ऐकू आलं नाही, आणि मला ते ऐकायचंही नव्हतं. तुझ्या आधी एक तक्रार आली होती माझ्याकडे. तालमीच्या दिवशीची. आठपर्यंत मोजलं होतं. मी ती दाबून ठेवली. तेव्हाच बोलले असते तर तुझ्यापर्यंत आलंच नसतं."

यालमारला वाटलं, संपलं. मग दार बोटभर उघडलं. साखळी तशीच होती. फटीतून एक फिकट चेहरा दिसला, दाढी फुटू लागलेला.

"कोणाची तक्रार?"

"ते नाही सांगणार. तिने सांगितल्याशिवाय कोणालाच नाही सांगणार, यापुढे."

"नको सांगूस," मेल्केर म्हणाला. "मला माहीत आहे."

तो दाराच्या कडेला नखाने खरवडत राहिला.

"तालमीच्या दिवशी तिच्याभोवती आम्हा सगळ्या शून्यांना गोल उभं केलं होतं," तो म्हणाला. "मोठ्याने मोजा म्हणाले. जो हळू मोजेल त्याची पुढची पाळी." त्याने साखळी काढली. "मी सगळ्यात मोठ्याने मोजत होतो. उद्या मंडळासमोर मला ते आधी सांगू दे. माझं नंतर."